चाल न लावता

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
८ डिसेंबर २०२४

चि. गजाला,

तुला आणि वासिफरावांना या म्हाताऱ्याचे भरभरून आशीर्वाद.

फोनच करणार होतो. पण फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो, असं तुझ्या काकूंचं म्हणणं. म्हणून पत्र.

बातमी अशी की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी हातात पुन्हा लाल पेन आलं आहे. इथल्या एका शिक्षण संस्थेनं दहावीच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली. विषय : ‘पुढील शिक्षणासाठी गाव सोडावे काय? आपली बाजू मांडा.’ जिल्हाभरातून कागद आले, आणि निवडलेला गठ्ठा शेवटच्या फेरीला माझ्याकडं. वर नाव नाही, शाळा नाही, नुसता नंबर. पहिला येईल त्याला अकरावी-बारावीची दोन वर्षं शहरातल्या वसतिगृहात जागा. जागा एकच, त्यामुळं प्रत्येक कागद दोनदा वाचतो.

संस्थेनं तपासायला एक चौकट पाठवली आहे. बाजू, पुरावा, विरोधी मताला उत्तर, निष्कर्ष. असे चार रकाने. मी उलटून पाहिलं, मागं काही असेल म्हणून. कवितेला रकानाच नाही गं! अजिंठ्याच्या शाळेत आपण सगळं चालीवर शिकलो. तू घरी उर्दू बोलणारी, पहिल्या दिवशी ‘ळ’ म्हणताना रडलीस, आणि दिवाळीपर्यंत विभक्तीचे प्रत्यय चालीत म्हणून सगळ्या वर्गाला हरवलंस. खिडकीबाहेर तो कडुनिंब, आत चाळीस पोरांचा एक सूर. अजून कधी दुपारी डोळा लागला की तोच सूर ऐकू येतो.

सवयीनं हे निबंधही मी मोठ्यानं, चालीतच वाचतो आहे. काकू स्वयंपाकघरातून विचारतात, “पेपर तपासताय का काकड आरती करताय?”

तू आजच्या मुलांना शिकवतेस. असले वादाचे निबंध कसे तपासायचे, ते या जुन्या मास्तराला सांग.

उत्तर पाठवणे.

तुझा,
बद्रीनाथ सर


सोयगाव
१५ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,

आदाब. काकूंना सलाम सांगा, त्यांचं आरतीचं वाक्य मी इथं सगळ्यांना सांगितलं.

तुमचं ‘उत्तर पाठवणे’ वाचून वासिफ दर वेळी हसतात. म्हणतात, “हे तुझे सर हुकूम देतात का विनंती करतात?” मी त्यांना समजावलं, जुन्या पत्रांत असंच लिहायचे. पाठवणे म्हणजे पाठवावे, येणे म्हणजे यावे. तर आता तेही मला भाजी आणायची चिठ्ठी लिहिताना ‘कोथिंबीर आणणे’ असं लिहितात.

सर, चौकटीला घाबरू नका. पोरं पहिल्या ओळीत ‘आजच्या विज्ञानयुगात’ लिहितात. ती ओळ खोडायची आणि पुढं वाचायचं. मग पुरावा शोधायचा. आमचा पुंजाराम लिहितो, ‘शाळेत मोबाईल असावा, कारण तो सगळ्यांकडे आहे.’ मी म्हटलं, अरे, मका पण सगळ्यांच्या शेतात आहे, तो पण असावा का वर्गात? तर म्हणतो, “भाजून आणला तर चालंल की बाई.” त्याला मी उत्तराचे मार्क दिले, पुराव्याचे नाही.

खरं सांगू? मी एकच बघते. लेकरू कुणाशी भांडतंय? चांगल्या निबंधात समोर कुणीतरी असतं. बाप असतो, मामा असतो, गाव असतं. त्याला पटावं म्हणून एकेक वाक्य घासून लिहिलेलं असतं. तो समोरचा माणूस दिसला की बाकीचे रकाने आपोआप भरतात.

आणि सर, रागवू नका, पण चाल लावू नका. चालीत सगळंच गोड लागतं.

आमच्या शाळेतलेही कागद तुमच्या गठ्ठ्यात असतील. नंबर मला ठाऊक नाहीत आणि ठाऊक असते तरी सांगितले नसते, ते तुम्हीच शिकवलंय. इथं एका घरात मात्र या निकालाकडं बोर्डाच्या निकालासारखे डोळे लागलेत. बास, एवढंही जास्त लिहिलं.

तुमची,
गजाला


मुकुंदवाडी
५ जानेवारी २०२५

चि. गजाला,

काल गठ्ठा संस्थेच्या माणसाच्या हवाली केला आणि घर एकदम सुनं वाटायला लागलं. महिनाभर इतकी लेकरं माझ्याशी बोलत होती.

तू सांगितलंस ते पाळलं. विज्ञानयुग दिसेल तिथं खोडलं. पुरावा शोधला. शेवटी दोनच कागद उरले, नऊ नंबर आणि सतरा नंबर. गुण अगदी सारखे. नियम असा की बरोबरी झाली तर शेवटचा शब्द परीक्षकाचा. त्यानं निष्कर्ष पाहावा, आणि वसतिगृहाची गरज कुणाला अधिक दिसते ते पाहावं.

नऊ नंबर एक मुलगा आहे. त्याच्या गावात दहावीपुढं शाळा नाही, रोज जाऊन-येऊन शिकता येईल असं गावही जवळ नाही. हे सगळं तो वीजबिलासारखं कोरडं लिहितो. पण खरं लिहितो.

सतरा नंबर मुलगी. काय लिहिते, गजाला! विरोधी मताला उत्तर देताना म्हणते, ‘मुलगी बाहेर गेली की बिघडते असे म्हणतात. मग पाणी तरी तिला बाहेरून का आणायला लावतात?’ मी एकटाच मोठ्यानं हसलो. आणि शेवटी, ‘आता माझे घर सांगते,’ असं म्हणून तिनं चक्क कविता लिहिली आहे. विरामचिन्ह एकही नाही. कवितेला ती लागतच नाहीत. ऐक :

एकटीने बसने जाणे मना
दारात उभे राहून हसणे मना
मैत्रिणीकडे थांबणे मना
मोठ्याने वाचणे मना
गाव सोडणे मना

माझी चाल लावलीच गेली गं, क्षमा कर. जुन्या वळणाची ती गोड आज्ञा, आणि स्वतःच्याच मनाला हाक! जा मना, हास मना, थांब, वाच, सोड गाव! पंधरा वर्षांचं लेकरू आपल्या मनाला असं हाताला धरून बाहेर काढतं आहे. तुझ्या काकूसुद्धा पोळी तव्यावर तशीच ठेवून दारात येऊन ऐकत राहिल्या. ज्या घरात लेकीला असं गाता येतं, त्या घरचा बाप केवढ्या मोठ्या मनाचा असेल.

मग निर्णय सोपा झाला. जिला पंख आहेत तिला शिडी कशाला? जागा नऊ नंबरला दिली. सतरा नंबरच्या कागदावर मात्र मनापासून शेरा लिहिला : ‘निष्कर्षात वाद सोडून गाणे आले आहे, परंतु गाणे फार गोड. घरच्या मोकळेपणाची ही साक्ष आहे. या मुलीला कोणी अडवणार नाही.’

तपासलेले कागद शेऱ्यासकट शाळांना परत जाणार आहेत. तो शेरा वाचताना तिचा चेहरा कसा फुलेल, ते मी इथं खुर्चीत बसून पाहतो आहे.

उत्तर पाठवणे.

बद्रीनाथ सर


सोयगाव
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

आदाब. उत्तराला महिना लागला. लिहीत होते आणि फाडत होते.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी शाळेत निकालाचा कागद आला. सतरा नंबर आमचा, सर. आमरीन. माझ्याच वर्गातली.

त्या ओळी एकदा चाल न लावता वाचा. ती कविता नाही. तो ‘मना’ म्हणजे मन नाही. आमच्या घरात बोलतात तो ‘मना’ आहे. ‘अंदर आना मना है’ मधला. एकटीनं बसनं जायची बंदी. दारात उभं राहून हसायची बंदी. मैत्रिणीकडं थांबायची, मोठ्यानं वाचायची, गाव सोडायची. तिनं घरातल्या बंद्या एकाखाली एक लिहिल्या होत्या. तुमचा पुराव्याचा रकाना होता ना, त्यासाठी.

तिचे वडील अफजलभाई वाईट नाहीत. मोटर वायंडिंगचं दुकान आहे, गावातल्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातावर चालतात. हेच अफजलभाई लेकीसाठी शहरातून जाडजूड शब्दकोश घेऊन आले होते. पण मागच्या वर्षी बसमध्ये काही टवाळ पोरांनी आमच्या मुलींचे मोबाईलवर व्हिडिओ काढले, त्यात आमरीनही होती. तेव्हापासून एकेक गोष्ट मना होत गेली. आणि हे आमच्याच आळीत आहे असं समजू नका. तिच्या बाकावरची तनुजा, तिच्या घरी हेच सगळं शुद्ध मराठीत चालतं. या एका बाबतीत गावात सगळ्यांचं एकमत आहे.

स्पर्धेचं कळल्यावर आमरीन वडिलांशी भांडली. तेव्हा अफजलभाई म्हणाले, “शहरातला कुणी जाणता माणूस, जो तुला वळखत नाय, मला वळखत नाय, त्याला जर तुझं म्हणणं पटलं आन त्यानं पहिला नंबर दिला, तर मी गप बसंन. जा मग.” माझ्यासमोर म्हणाले, सर. तिनं तो निबंध तुम्हाला लिहिलाच नव्हता. अब्बांना लिहिला होता. तुम्ही फक्त मधले होता.

कागद परत आला तेव्हा मीच घेऊन गेले. अफजलभाई म्हणाले, “वाच बेटा, मास्तरांनी काय लिवलंय.” तिनं तुमचा शेरा वाचून दाखवला. ‘घरच्या मोकळेपणाची ही साक्ष आहे. या मुलीला कोणी अडवणार नाही.’ अफजलभाई खूश झाले. मनापासून खूश झाले, हेच मला सहन होत नाही. म्हणाले, “बघ! शहरातले मास्तर बी म्हणतात, आपलं घर मोकळं हाय. मंग जायचंय कशाला?”

आमरीन कागदाची घडी घालून उठली. मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच विचारलं, “बाई, मी मराठीत चुकले का?”

मी ‘नाही’ म्हणाले. मग कोण चुकलं, ते सांगायची हिंमत झाली नाही. नाव आधी सांगितलं असतं तर बेइमानी झाली असती. नाही सांगितलं तर हे झालं.

तुमची,
गजाला


मुकुंदवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. गजाला,

तुझं पत्र काकूंनी वाचून दाखवलं. मी त्यांना म्हटलं, सपाट वाचा. मग त्या ओळी मी स्वतः म्हणून पाहिल्या. कागद माझ्याकडं नाही, पण पाठ झाल्या होत्या. त्याच चालीत पाठ झाल्या आहेत, हीच शिक्षा. चाल काढून टाकायला गेलो तर दर ओळीच्या शेवटी सूर आपोआप वर चढतो.

तो शब्द मला ठाऊक नव्हता असं कसं म्हणू? निजामी गेल्यावरही इथल्या फाटका-भिंतींवर ‘मना है’ वाचतच मोठा झालो. पण देवनागरीत, मराठी निबंधात ‘मना’ दिसला आणि मी थेट प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मुलगी तिच्या घराबद्दल सांगत होती आणि मी माझी शाळा ऐकत होतो. तू लिहिलं होतंस, लेकरू कुणाशी भांडतंय ते बघा. समोर बाप उभा होता, त्याला मी गायला लावलं.

संस्थेत जाऊन आलो. तिथले कार्यवाह इंद्रजीत भला माणूस आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, नऊ नंबरच्या घरी पेढे वाटून झालेत. त्या पोराला आता काय सांगू? एका शब्दाचा अर्थ बदलला म्हणून?” त्या पोराचा काय दोष? दुसरी जागा नाही. मी येताना बस चुकवली आणि उगाच चालत राहिलो.

काकू म्हणतात, “तिला आपल्याकडं आणा. मला बोलायला कुणीतरी पाहिजेच. तुमच्याशी बोलावं तर तुम्ही गाता.” अफजलभाईंना एक पत्र सोबत ठेवलं आहे. संस्थेचे चार रकाने समोर घेऊन लिहिलंय. वादाचा निबंध मी जन्मात पहिल्यांदा लिहिला. तू आधी तपास आणि पटलं तरच दे.

बद्रीनाथ सर

(सोबतचे पत्र)

श्री. अफजलभाई यांना नमस्कार.

तुमच्या मुलीचा निबंध मी तपासला. माझी चूक झाली. तिने ‘मना’ लिहिले, म्हणजे बंदी. मी वाचले, अरे मना. त्यामुळे मी लिहिलेला शेरा खोटा आहे. तो मानू नका.

माझी बाजू अशी की आमरीनला पुढे शिकू द्यावे.

पुरावा तिचाच कागद. पूर्ण गठ्ठ्यात इतके नेटके कोणी लिहिले नव्हते. शेवटच्या ओळी मी नीट वाचल्या असत्या तर पहिला नंबर तिचा होता. तुम्ही शब्द दिला होता की शहरातल्या माणसाला पटले तर गप्प बसाल. मला पटले आहे.

तुमचे म्हणणे असेल की बाहेर भीती आहे. आहे. पण बसमध्ये गुन्हा पोरांनी केला आणि बंदी पोरीवर आली. शिक्षा करायची तर आधी पुरावा पाहावा लागतो. तिच्याविरुद्ध कोणता पुरावा आहे?

निष्कर्ष : वसतिगृहाची जागा गेली, ती माझ्यामुळे गेली. आमच्या घरी मी आणि माझी पत्नी दोघेच आहोत. ती आमच्याकडे राहू शकते. तुम्ही या, घर पाहा, मग ठरवा.

बद्रीनाथ


१८ मे २०२५

मास्तरसाब, सलाम.

मी सांगतोय, पोरगी लिहितीय. मराठी बोलतो चांगली, पण लिवायचं म्हटलं की हात अडतो. गजालाबाईंनी तुमचं पत्र तवाच दिलं होतं. परीक्षा होऊ द्यावी म्हणून थांबलो. आता निकाल लागला. पोरीला लई चांगले मार्क पडले.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. इमानदार माणूस दिसता. आपली चूक अशी कागदावर कोण लिहून देतं?

पण एक सांगा. तवा तुम्हाला पटलं नाय, आता पटलं म्हणता. कागद तोच, पोरगी तीच. मी कोणता मास्तर खरा धरू? माझ्या दुकानात कनेक्शन उलटं जोडलं गेलं आन मोटर जळाली, तर मी कबूल करतो, व्हय, माझ्या हातनं झालं. पण जळालेली मोटर कबूल केल्यानं फिरत नाय.

पुरावा विचारता. त्या दिवशी बसमधून उतरून पोरगी घरी आली. तांब्याभर पाणी पिली आन रातपर्यंत एक शब्द बोलली नाय. पोरीच्या विरुद्ध माझ्याकडं काय बी पुरावा नाय, मास्तरसाब. माझ्या भीतीचा हाय, तो एवढाच.

तुमच्या घरी ठेवायचं म्हणता, लई उपकार. भाभींना सलाम. पण नाय जमणार. यंदा तर नायच. गजालाबाई म्हणतात, घरून अभ्यास करून बाहेरनं बारावीला बसवता येतं, सतरा नंबरचा फॉर्म असतो त्याला. तवाचं तवा बघू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुमचा,
अफजल

सर, इथून खाली माझं आहे. अब्बा नमाजला गेलेत.

बघा, माझा नंबर सतराच राहिला.

अब्बांनी तुमचं पत्र वाचायला लावलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तुम्ही काय वाचलं होतं ते. आधी खूप राग आला. मग रात्री वहीत त्या ओळी पुन्हा लिहिल्या आणि तुमच्यासारख्या वाचता याव्यात म्हणून प्रत्येकीत एक स्वल्पविराम घातला. एकटीने बसने जाणे, मना. दारात उभे राहून हसणे, मना. गाव सोडणे, मना. तुम्ही ज्या मुलीचा पेपर तपासला ती मला फार आवडली, सर. तिचे अब्बाही आवडले. तशी मुलगी मला एकदा भेटायला हवी होती.

आता मी त्या ओळी रोज तशाच वाचते. मोठ्याने नाही. तुम्ही त्या चालीत म्हटल्या होत्या, असं गजालाबाई म्हणाल्या. ती चाल कशी होती, ते विचारलं, तर त्यांना रडू आलं आणि सांगायचं राहून गेलं. म्हणून तुम्हालाच विचारते.

उत्तर पाठवणे. आमच्याकडे पत्र येणे अजून मना नाही.

आमरीन